फुजियामाचा उडता मासा

१९४८ सालच्या ऑगस्ट महिन्यात पोहण्याची एकच शर्यत जगात दोन ठिकाणी झाली. एक झाली लंडनला, वेम्ब्लीच्या बंदिस्त तलावात. ती ऑलिंपिकची शर्यत होती. दुसरी झाली टोकियोला, मेइजी जिंगूच्या उघड्या तलावात. ती जपानची राष्ट्रीय स्पर्धा होती. अंतर दोन्हीकडे तेच, १५०० मीटर. लंडनला अमेरिकेचा जेम्स मॅक्लेन १९ मिनिटं १८.५ सेकंदांत पहिला आला आणि सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. टोकियोला हिरोनोशिन फुरुहाशी नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं तेवढंच अंतर १८ मिनिटं ३७ सेकंदांत कापलं. त्याला ऑलिंपिकचं पदक तर मिळालं नाहीच, पण त्याची वेळ जागतिक विक्रमांच्या यादीतही लिहिली गेली नाही.

एकेचाळीस सेकंदांचा फरक ऐकताना किरकोळ वाटतो. एवढ्या वेळात आपला चहाचा कपही धड संपत नाही. पोहण्याच्या शर्यतीत मात्र तो प्रचंड असतो. ऑलिंपिकचा तलाव पन्नास मीटर लांबीचा असतो. १५०० मीटरसाठी तो तीस वेळा पार करावा लागतो. दोघांच्या सरासरी वेगाचा हिशेब मांडला तर फुरुहाशीचा हात शेवटच्या भिंतीला लागला असता, तेव्हा ऑलिंपिक विजेत्याचे चोपन्न मीटर शिल्लक राहिले असते. म्हणजे तलावाच्या एका लांबीपेक्षाही जास्त. तोवरचा जागतिक विक्रमही जपानच्याच तोमिकात्सु आमानोच्या नावावर होता, १८ मिनिटं ५८.८ सेकंदांचा, १९३८ सालचा. दहा वर्षं कुणाला न मोडलेला तो विक्रम या पोरानं जवळजवळ बावीस सेकंदांनी मागे टाकला होता. ४०० मीटरमध्येही तेच घडलं. लंडनला अमेरिकेच्या बिल स्मिथनं ४ मिनिटं ४१ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. फुरुहाशीची वेळ होती ४ मिनिटं ३३.४ सेकंद.

या शर्यतींना फ्रीस्टाइल म्हणतात, म्हणजे मुक्त शैली. नियमाप्रमाणे यात कसंही पोहलं तरी चालतं. पण हात आळीपाळीनं पुढे टाकत, पाय सतत हलवत पोहण्याची जी पद्धत आपण क्रॉल म्हणून ओळखतो, ती सर्वांत वेगवान आहे. त्यामुळे सगळे तीच वापरतात. लांब पल्ल्याच्या फ्रीस्टाइलमध्ये ताकदीइतकीच दमाची आणि लयीची कसोटी लागते. आज या शर्यती पोहणाऱ्यांच्या डोळ्यांवर गॉगल असतो, लाटा शोषून घेणाऱ्या दोऱ्या असतात, भिंतीला विजेवर चालणारी घड्याळाची पाटी असते. तेव्हा डोळे उघड्या पाण्यात असत आणि वेळ मोजायला काठावर हातात घड्याळ घेतलेली माणसं उभी असत.

मग हा मुलगा लंडनला का नव्हता? कारण साधं होतं. दुसरं महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती. जर्मनी आणि जपान या पराभूत देशांना लंडनच्या ऑलिंपिकचं आमंत्रणच नव्हतं. आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाचे, म्हणजे तेव्हाच्या 'फिना'चे, दरवाजेही जपानला बंद होते. ज्या देशाला सदस्यत्व नाही, त्या देशातल्या तलावात कुणी कितीही वेगानं पोहलं तरी तो जागतिक विक्रम होत नाही. योगायोग पाहा, स्वतंत्र भारताचा संघ आपल्या झेंड्याखाली पहिल्यांदा ऑलिंपिकला उतरला तो याच लंडनला आणि हॉकीचं सुवर्णपदक घेऊन आला. एका देशासाठी दार उघडलं होतं, दुसऱ्यासाठी ते लागलं होतं. जपाननं युद्धात जे केलं त्याचा राग जगाच्या मनात ताजा होता आणि तो समजण्यासारखाही होता. पण त्या रागाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत युद्ध सुरू झालं तेव्हा शाळेत असलेली ही मुलंही होती.

फुरुहाशीचा जन्म १६ सप्टेंबर १९२८ चा. शिझुओका प्रांतात हामामात्सुजवळ हामाना नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या काठच्या गावात तो वाढला. पोहायला शिकवणारं कुणी असण्याआधी त्याला पाणी ठाऊक होतं. प्राथमिक शाळेत असतानाच १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यानं शाळकरी मुलांचे राष्ट्रीय विक्रम केले. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'छोटा टॉर्पेडो'. त्या काळात जपानमध्ये मुलांच्या कौतुकालाही अशी युद्धातली नावं सुचत होती. पुढे युद्ध पेटलं, पोहणं थांबलं आणि त्या वयाच्या इतर मुलांप्रमाणे त्यालाही कारखान्यात कामाला जुंपण्यात आलं. तिथं यंत्रात सापडून त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक तुटलं.

पोहणाऱ्या माणसासाठी हाताचा पंजा म्हणजे होडीचं वल्हं. बोटं जुळवून पाणी मागे ढकलायचं आणि शरीर पुढे न्यायचं, हेच क्रॉलचं मर्म. मधलं बोट आखूड झालं की तिथून पाणी निसटतं. दोन्ही हातांचा ओढा सारखा राहत नाही, शरीर एका बाजूला कलायला लागतं. आपलं पोहणं संपलं असं फुरुहाशीला वाटलं असतं तर त्यात नवल नव्हतं. युद्धानंतर तो टोकियोच्या निहोन विद्यापीठात दाखल झाला आणि पुन्हा पाण्यात उतरला. त्याची पोहण्याची ढब देखणी नव्हती. पुस्तकातल्या चित्रासारखी तर मुळीच नव्हती. आपल्या अधू हाताला जमेल ती लय त्यानं स्वतःच शोधली होती आणि तासन् तास पोहून ती अंगात मुरवली होती.

तो सराव कोणत्या अन्नावर चालला होता, हेही सांगायला हवं. १९४६-४७ सालचं टोकियो बॉम्बच्या आगीत जळलेलं शहर होतं. भात शिधापत्रिकेवर, तोही अपुरा. पोटाला आधार होता तो रताळ्यांचा. रोज काही किलोमीटर पोहणाऱ्या तरुणाला सामान्य माणसाच्या दुप्पट खायला लागतं. इथं सामान्य माणसाचंच पोट भरत नव्हतं. अशा दिवसांत, ऑगस्ट १९४७ मध्ये, त्यानं ४०० मीटर ४ मिनिटं ३८.४ सेकंदांत पोहून दाखवले. तेव्हाचा जागतिक विक्रम बिल स्मिथच्या नावावर होता, ४ मिनिटं ३८.५ सेकंदांचा. सेकंदाचा एक दशांश भाग कमी, पण तोही नोंदला गेला नाही.

पुढच्या वर्षी जे झालं ते मात्र योगायोगानं नव्हे, ठरवून झालं. जपानच्या जलतरण महासंघाचे प्रमुख मासाजी ताबाता यांनी राष्ट्रीय स्पर्धेच्या तारखा लंडनच्या ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या शर्यतींशी जुळवून घेतल्या. आपल्याला तिथं जाऊ देत नाहीत, ठीक आहे. मग त्याच दिवसांत, तेवढ्याच अंतराच्या शर्यती आपण इथं घेऊ आणि वेळा शेजारी शेजारी ठेवू, असा त्यांचा विचार. कुणावर ओरडणं नाही, निषेधाचे ठराव नाहीत. फक्त घड्याळ लावायचं.

१५०० मीटरच्या त्या शर्यतीत फुरुहाशीच्या बरोबरीनं पोहत होता त्याचाच विद्यापीठातला सोबती शिरो हाशिझुमे. सोबती आणि प्रतिस्पर्धी, दोन्ही. तीस लांब्या दोघं जवळजवळ खांद्याला खांदा लावून गेले. फुरुहाशी १८ मिनिटं ३७ सेकंद, हाशिझुमे १८ मिनिटं ३७.८ सेकंद. म्हणजे ऑलिंपिक विजेत्यापेक्षा चाळीस सेकंदांनी सरस असलेला हा दुसरा माणूस आपल्याच देशात दुसरा आला होता. बाहेरच्या जगात मात्र या आकड्यांवर सहज विश्वास बसेना. जपान्यांचा तलाव आखूड असेल, त्यांची घड्याळं हळू चालत असतील, अशा शंका निघाल्या. यावर टोकियोत बसून उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. परक्या तलावात, परक्यांच्या घड्याळावर पोहून दाखवणं हाच एक मार्ग होता.

ती वेळ दहा-अकरा महिन्यांत आली. १९४९ च्या जूनमध्ये जपानला फिनाचं सदस्यत्व परत मिळालं आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला होणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी सहा जपानी जलतरणपटूंचा संघ निघाला. जपान तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. जनरल मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाची परवानगी असल्याशिवाय कुणालाही परदेशी जाता येत नसे. आणि निघाले होते ते त्याच देशाकडे, ज्याच्याशी चार वर्षांपूर्वीपर्यंत जीवघेणं युद्ध चाललं होतं. लॉस एंजेलिसमध्ये त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं फ्रेड वाडा या फळं-भाजीपाल्याचा व्यापार करणाऱ्या जपानी वंशाच्या अमेरिकन गृहस्थांनी. वाडा आणि त्यांच्या पत्नीनं या मुलांना पोटभर जेवू घातलं, तलावावर नेलं-आणलं. युद्धाच्या काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना, ते अमेरिकन नागरिक असले तरी, घरंदारं सोडून छावण्यांत राहावं लागलं होतं. ती माणसं नुकती कुठे परतून पुन्हा संसार उभे करत होती. या सहा पोरांच्या पोहण्याकडे त्यांचेही डोळे लागलेले होते.

तलावही साधासुधा नव्हता. १९३२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला. त्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सहापैकी पाच शर्यती जपाननं जिंकल्या होत्या. १५०० मीटरचं सुवर्ण कुसुओ कितामुरा या चौदा वर्षांच्या मुलानं नेलं होतं. त्याच पाण्यात सतरा वर्षांनी पुन्हा जपानी मुलं उतरत होती.

१६ ऑगस्ट १९४९. १५०० मीटरच्या प्राथमिक शर्यती. आधीच्या गटात हाशिझुमे पोहला आणि त्यानं १८ मिनिटं ३५.७ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. हा विक्रम मान्य झालेला, पुस्तकात लिहिला जाणारा. तो त्या दिवसापुरताही टिकला नाही. नंतरच्या गटात फुरुहाशी उतरला आणि बाहेर आला तेव्हा अमेरिकन पंचांच्या घड्याळात १८ मिनिटं १९ सेकंद झाले होते. तलाव अमेरिकेचा, मोजणारे अमेरिकेचे, प्रेक्षक अमेरिकेचे. टोकियोतली वेळ खोटी नव्हती, उलट तीही थोडी कमीच पडली होती. पुढच्या दिवसांत फुरुहाशीनं ४०० मीटर ४ मिनिटं ३३.३ सेकंदांत जिंकले, ८०० मीटर जिंकले आणि चौघांच्या २०० मीटर रिलेतही जपानी संघानं जागतिक विक्रम केला. १५०० मीटरचा विक्रम पुढे जवळजवळ सात वर्षं, १९५६ पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

अमेरिकन वृत्तपत्रांनी त्याचं नाव ठेवलं 'फुजियामाचा उडता मासा'. जपानी लोक आपल्या त्या प्रसिद्ध पर्वताला फुजिसान म्हणतात; फुजियामा हा परदेशी माणसांच्या तोंडी रुळलेला उच्चार. म्हणजे टोपणनावही परक्यांच्या घरात तयार झालेलं. पण ते प्रेमानं ठेवलेलं होतं आणि जपाननं ते तसंच स्वीकारलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हिदेकी युकावा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक जाहीर झालं. त्या पिढीच्या जपान्यांना विचारलं, पराभवानंतर तुम्हाला मान वर करावीशी कधी वाटली, तर ही दोन नावं हमखास यायची. एक शास्त्रज्ञ, एक पोहणारा.

इथवरची गोष्ट ऐकून आपल्याला वाटेल, आता पुढचं ऑलिंपिक येणार आणि राहिलेलं पदक पदरात पडणार. सिनेमात तसंच होतं. प्रत्यक्षात पुढचं ऑलिंपिक तीन वर्षांवर होतं आणि शरीर कॅलेंडर पाहून थांबत नाही.

१९५० मध्ये जपानी जलतरणपटूंचा संघ दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्यात फुरुहाशीला अमिबाजन्य आमांश झाला. हा रोग आपल्याकडच्या लोकांना वेगळा सांगायला नको. दूषित पाण्यातून, अन्नातून जंतू आतड्यात शिरतात, जुलाब होतात, माणूस खंगतो. बरा झाला असं वाटतं आणि दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. ज्या खेळात सगळी मदार दमावर, तिथं हा रोग म्हणजे पायाच पोखरणं. त्यात १९५१ मध्ये शिक्षण संपलं. तेव्हाचा हौशी खेळाडू म्हणजे खऱ्या अर्थानं हौशी. खेळण्याबद्दल पैसे घेतले तर ऑलिंपिकचं दार कायमचं बंद. त्यामुळे पदवी घेतली की पोटासाठी नोकरी. फुरुहाशी लोकरीच्या कापडाच्या एका कंपनीत लागला. बहुतेक जलतरणपटू या वळणावर पोहणं सोडत. तो पोहत राहिला, कारण देश त्याची वाट पाहत होता. आणि त्याच्याकडून अपेक्षा होती ती १९४९ च्या फुरुहाशीची.

२८ एप्रिल १९५२ ला जपानवरचा परकीय ताबा संपला. तीन महिन्यांच्या आत, जुलैमध्ये हेलसिंकीचं ऑलिंपिक सुरू झालं. हे ऑलिंपिक आपल्यालाही चांगलं आठवायला हवं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच ऑलिंपिकला लोकवर्गणीच्या पैशांवर गेले होते आणि कुस्तीत कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. खाशाबांच्या त्या वजनगटात सुवर्ण कुणी जिंकलं? जपानच्या शोहाची इशीई यांनी. खाशाबांना हरवणारे हेच इशीई. आणि हेलसिंकीत जपानला मिळालेलं एकमेव सुवर्णपदक ते हेच. युद्धानंतर ऑलिंपिकला परतलेल्या जपानचं पहिलं सुवर्ण तलावातून येणार म्हणून सगळा देश कान लावून बसला होता; आलं ते कुस्तीच्या आखाड्यातून.

तलावात काय झालं? ४०० मीटरच्या अंतिम फेरीत फुरुहाशी पोहोचला. आठ जण होते. फ्रान्सचा जाँ बुआतो ४ मिनिटं ३०.७ सेकंदांत पहिला आला. त्याचे वडील आनंदाच्या भरात कपड्यांसकट पाण्यात उडी मारून पोराला मिठी मारायला गेले. ते दृश्य ऑलिंपिकच्या इतिहासात अजून दाखवलं जातं. त्याच पाण्यात, आठव्या म्हणजे शेवटच्या क्रमांकावर फुरुहाशी भिंतीला टेकला होता. वेळ ४ मिनिटं ४२.१ सेकंद. तिसऱ्या आलेल्या स्वीडनच्या पोहणाऱ्याची वेळ होती ४ मिनिटं ३५.२ सेकंद. फुरुहाशीनं तीन वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला जी वेळ दिली होती, ती इथं कांस्यपदकाला पुरली असती.

ही शर्यत जपानमध्ये लोक रेडिओवर ऐकत होते. दूरचित्रवाणी तिथं तोवर यायची होती. हेलसिंकीहून बोलणारे निवेदक होते जपानी नभोवाणीचे इइदा. निकाल सांगून झाल्यावर त्यांनी जे केलं ते धावत्या समालोचनाच्या नियमांत बसणारं नव्हतं. भरल्या आवाजात त्यांनी श्रोत्यांना विनंती केली, की फुरुहाशीला दोष देऊ नका. पराभवानंतरच्या दिवसांत त्यानं आपल्याला जो धीर दिला त्यासाठी त्याचे आभार माना. समालोचकाचं काम समोर दिसेल ते सांगण्याचं. पण कधी कधी समोर जे दिसतं ते पुरेसं नसतं. आठवा क्रमांक हे खरं होतं आणि तो आठवा कसा झाला हेही खरं होतं. रेडिओवरच्या त्या एका माणसानं दुसरी गोष्टही सांगायची जबाबदारी घेतली.

त्या ऑलिंपिकमधली १५०० मीटरची शर्यतही पाहण्यासारखी होती. सुवर्ण जिंकलं हवाईच्या फोर्ड कोन्नोनं, १८ मिनिटं ३०.३ सेकंदांत. रौप्य शिरो हाशिझुमेला. कांस्य ब्राझीलच्या तेत्सुओ ओकामोतोला. तीन देशांचे तिघं आणि तिघंही जपानी वंशाचे. यातल्या ओकामोतोची हकीगत तर फुरुहाशीशी थेट जोडलेली आहे. १९५० मध्ये जपानी संघ ब्राझीलला गेला तेव्हा या तरुणानं त्यांना जवळून पाहिलं, त्यांच्या सरावाची पद्धत उचलली आणि दोन वर्षांत ब्राझीलला ऑलिंपिकमधलं पोहण्याचं पहिलं पदक मिळवून दिलं. ज्या दौऱ्यानं फुरुहाशीची प्रकृती हिरावली, त्याच दौऱ्यानं दुसऱ्या कुणाला तरी पदकापर्यंत नेलं. आणि कोन्नोची सुवर्णाची वेळ पाहा, १८ मिनिटं ३०.३. फुरुहाशीची १९४९ ची वेळ त्यापेक्षा अकरा सेकंदांनी कमी होती.

म्हणजे हिशेब असा. लंडनच्या वेळी तो जगात सर्वांत वेगवान होता, पण त्याला प्रवेश नव्हता. हेलसिंकीच्या वेळी प्रवेश होता, पण तो वेग नव्हता. मधल्या वर्षांत तो शिखरावर होता आणि त्या वर्षांत ऑलिंपिकच नव्हतं. एका थोर फ्रीस्टाइल जलतरणपटूच्या नावापुढे ऑलिंपिकचं एकही पदक नाही, ते का, याचं उत्तर एवढंच आहे.

फुरुहाशी यांचं पुढचं आयुष्य या हिशेबात अडकून पडलं नाही. निहोन विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. संघटनेच्या कामात शिरले. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी टोकियोची निवड व्हावी म्हणून ज्यांनी लॅटिन अमेरिकेतल्या देशांत फिरून मतं मागितली, त्यांत लॉस एंजेलिसचे तेच फ्रेड वाडा होते. टोकियोला ऑलिंपिक झालं, पण यजमान जपानला पोहण्यात मिळालं फक्त एक कांस्य. त्या धक्क्यातून जपानमध्ये मुलांसाठी गरम पाण्याचे बंदिस्त तलाव आणि पोहण्याचे वर्ग निघाले आणि पुढच्या पिढ्या तिथं तयार झाल्या. फुरुहाशी १९८५ ते २००३ जपानच्या जलतरण महासंघाचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात १९८८ ला दाइची सुझुकीनं आणि १९९२ ला चौदा वर्षांच्या क्योको इवासाकीनं सुवर्ण जिंकलं. १९९० ते १९९९ ते जपान ऑलिंपिक समितीचेही अध्यक्ष होते.

पण खुर्चीवर बसल्यावर प्रश्न उलटा होतो. ज्याला कुणी दारातून आत घेतलं नव्हतं, त्याच्या हातात आता दाराची किल्ली असते. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या वेळी तेच घडलं. सुझु चिबा ही फ्रीस्टाइल जलतरणपटू निवड स्पर्धेत २०० मीटरमध्ये पहिली आली, तिची वेळही पात्रतेइतकी होती, तरी महासंघानं तिला संघात घेतलं नाही. तिनं स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. लवादानं तिला संघात घ्या असं सांगितलं नाही; पण निवडीचे निकष खेळाडूंना आधी स्पष्ट सांगितले नव्हते म्हणून तिच्या खर्चाचा काही भाग महासंघानं द्यावा, असा निकाल दिला. अध्यक्ष होते फुरुहाशी. हा प्रसंग त्यांच्या कारकिर्दीतून वगळून चालणार नाही. १९४८ मध्ये आपल्यावर जो अन्याय झाला तो मोठ्या राजकारणाचा होता. इथला प्रश्न छोटा, घरातला. पण खेळाडूच्या बाजूनं पाहिलं तर दोन्हीकडे दुःख एकच: मी वेळ दिली होती, मग मी आत का नाही? त्यानंतर जपानच्या जलतरण महासंघानं शिस्त घालून घेतली. निकष आधी जाहीर करायचे आणि ठरलेल्या स्पर्धेत ठरलेली वेळ देईल त्यालाच घ्यायचं, मग तो कितीही मोठा असो. २००४ मध्ये अथेन्सला आई शिबातानं ८०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण जिंकणारी ती पहिली जपानी स्त्री. पुरुषांत मात्र १९३६ च्या नोबोरु तेरादानंतर ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलचं सुवर्ण कुणाही जपान्याला मिळालेलं नाही. मिळायचं होतं ते १९४८ ला, असं जुनी माणसं म्हणत राहिली.

२००८ मध्ये फुरुहाशी यांना जपानचा 'बुंका कुंशो' हा सर्वोच्च सांस्कृतिक सन्मान मिळाला. एरवी लेखक, चित्रकार, शास्त्रज्ञ यांना मिळणारा हा सन्मान खेळाडूला मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी जागतिक जलतरण स्पर्धेसाठी फिनाचे उपाध्यक्ष म्हणून ते रोमला गेले होते. २ ऑगस्ट २००९ ला, स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, तिथल्या हॉटेलच्या खोलीत त्यांचं निधन झालं. वय ऐंशी. त्यांचा मित्र आणि प्रतिस्पर्धी हाशिझुमे २०२३ पर्यंत जगला.

रोमची ती स्पर्धा वेगळ्याच कारणानं लक्षात राहिली आहे. अंगभर चिकटणाऱ्या, शरीर पाण्यावर उचलून धरणाऱ्या नव्या पोशाखांमुळे त्या एका स्पर्धेत ४३ जागतिक विक्रम मोडले. २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी आली. विक्रम मात्र यादीत राहिले. तुटक्या बोटानं, रताळी खाऊन, साध्या सुती-रेशमी लंगोटीवजा पोशाखात केलेले टोकियोतले विक्रम यादीत आले नाहीत आणि हे आले. यात कुणाची लबाडी नाही. त्या त्या वेळचे नियम तसे होते. पण म्हणूनच विक्रमांची यादी वाचताना एवढं ध्यानात ठेवावं, की घड्याळ वेळ सांगतं. ती वेळ मोजायची की नाही, हे माणसं ठरवतात.

आज १५०० मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम १४ मिनिटं ३०.६७ सेकंदांचा आहे. अमेरिकेच्या बॉबी फिंकनं तो २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये केला. फुरुहाशीची वेळ आता कुठल्याही देशाच्या शाळकरी मुलांच्या आवाक्यातली वाटेल. विक्रमांचं तसंच असतं, ते मोडण्यासाठीच असतात. पण आपल्या गावात, शाळेत, संघटनेत कुणाची निवड करायची वेळ येते तेव्हा आपणही छोट्या दाराचे राखणदार असतो. दारात उभ्या असलेल्या पोराची चार वर्षं आपल्या हातात असतात आणि ती वर्षं पुन्हा यायची नसतात, एवढी जाणीव फुरुहाशीच्या या गोष्टीतून घेतली तरी पुष्कळ झालं.